घरची बिअर : आंबते आहे की बिघडते आहे?

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत घरच्या घरी बिअर तयार करणे हा कायद्याने मान्य असलेला आणि चांगला रुळलेला छंद आहे. माल्टच्या घट्ट पाकाचे डबे, वाळवलेल्या यीस्टची पाकिटे, हॉप्सच्या गोळ्या आणि घट्ट झाकणाची पिंपे विकणारी दुकाने तेथे मोठ्या शहरांत सहज आढळतात. शिक्षण किंवा नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या मराठी तरुणांनाही या छंदाची ओळख होते. कृती फारशी अवघड नाही. अवघड असते ते त्यानंतरचे थांबणे.

पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला दुसऱ्याच दिवशी: पिंपाच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येत नाहीत, म्हणजे काही चुकले का? दुसरा आठवडाभराने: बुडबुडे थांबले, म्हणजे बाटल्या भरायला हरकत नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले, तर वीस लिटर चांगले द्रावण मोरीत ओतले जाते. दुसऱ्याचे उत्तर घाईने दिले, तर काचेची बाटली फुटून हाताला किंवा डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, नीट चालू आहे की नाही हे ओळखणे हा या छंदाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानला जातो.

कायदा काय सांगतो?

भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे हा गुन्हा आहे. त्यात बिअरही येते, आणि ती स्वतःपुरती केली असल्याचा बचाव चालत नाही. गोव्यातही मद्यनिर्मितीसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. पुण्या-मुंबईत ज्या 'मायक्रोब्रुअरी' दिसतात, त्या असा रीतसर परवाना घेऊनच चालतात. तेव्हा पुढील माहिती जेथे हा छंद कायदेशीर आहे तेथील वाचकांना प्रत्यक्ष उपयोगाची आहे. इतरांनी ती एक विज्ञान म्हणून वाचावी.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत १९२० पासूनची दारूबंदी १९३३ मध्ये उठली, घरगुती वाइनलाही मुभा मिळाली. पण घरगुती बिअर मात्र कायद्याबाहेरच राहिली. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून ती मुभा लागू झाली. एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, ही तेथील मर्यादा आहे. विक्रीला परवानगी नाही. तरीही प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आड येत होता. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. ऊर्ध्वपातन करून, म्हणजे भट्टी लावून, घरी कडक दारू गाळणे मात्र अमेरिकेच्या संघीय कायद्याने आजही गुन्हा आहे.

पिंपात नेमके काय घडते?

मोड आणून वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. ते गरम पाण्यात भिजवले की त्यातील पिष्टाची साखर होते. या गोड पाण्याला 'वर्ट' असे नाव आहे. त्यात हॉप्स घालून ते साधारण तासभर उकळतात, शक्य तितक्या लवकर थंड करतात आणि मग त्यात यीस्ट मिसळतात. येथपर्यंत बिअर तयार करण्याचे काम माणसाचे, यापुढचे यीस्टचे.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करते. दोन्ही पदार्थ वजनाने जवळपास सारखेच तयार होतात. पाच टक्के अल्कोहोलची २० लिटर बिअर होताना सुमारे ७५० ग्रॅम वायू बाहेर पडतो. खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान ४०० लिटरच्या आसपास भरते. पिंप पूर्ण हवाबंद का ठेवत नाहीत, हे या आकड्यावरून कळते. वायू बाहेर जाईल, पण बाहेरची हवा आत येणार नाही, अशी पाण्याची वाकडी नळी झाकणावर बसवलेली असते. तिला 'एअरलॉक' म्हणतात. पिंप ठेवलेली खोलीही हवेशीर असावी.

या साऱ्यामागे जिवंत पेशी आहेत, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. जर्मनीतील बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढ्याच घटकांना परवानगी आहे; यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरील आपला अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर बिघडण्यामागे नको असलेले सूक्ष्मजीव असतात हे दाखवून दिले. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वेगळे केले. आज दुकानात मिळणारे यीस्टचे पाकीट हे त्याच कामाचे फळ आहे.

दिवसामागून दिवस

यीस्ट घातल्यावर पहिले काही तास बाहेरून काहीच दिसत नाही. या काळात पेशी द्रावणातील ऑक्सिजन वापरून वाढीची तयारी करतात. हा अवधी बहुधा १२ ते २४ तासांचा असतो. यीस्ट जुने असेल, कमी पडले असेल किंवा द्रावण थंड असेल, तर तो ४८ ते ७२ तासांपर्यंतही लांबतो. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत 'काही होत नाही' म्हणून द्रावण फेकून देणे ही घाई ठरते.

त्यानंतर पृष्ठभागावर पांढरा फेस धरू लागतो. दोन-तीन दिवसांत तो जाड, मलईच्या रंगाचा होतो. त्यावर तपकिरी, चिकट डाग दिसतात. ही घाण नसून हॉप्समधील राळ आणि यीस्ट यांचा थर असतो. फेसाच्या या थराला जर्मन भाषेतून आलेला 'क्रॉयझेन' हा शब्द जगभर वापरतात. या अवस्थेत द्रावण ढवळल्यासारखे हलताना दिसते आणि पिंपाला हात लावला तर ते खोलीपेक्षा किंचित गरम लागते. किण्वनात उष्णता निर्माण होते, याची ही साधी खूण.

चौथ्या-पाचव्या दिवसानंतर फेस खाली बसू लागतो आणि पिंपाच्या आतील भिंतीवर, द्रावणाच्या वर, तपकिरी कडे शिल्लक राहते. पिंप उघडल्यावर फेस नसेल, पण हे कडे असेल, तर किण्वन जोरात होऊन गेले असे समजावे. अनेकदा रात्रीतून फेस येऊन ओसरतो आणि सकाळी पाहणाऱ्याला 'काहीच घडले नाही' असे वाटते. तेथे हे कडेच खरी साक्ष देते. तळाशी यीस्टचा फिकट, दाट गाळ साचतो आणि द्रावण हळूहळू निवळू लागते. सामान्य ताकदीच्या बिअरला या सगळ्यास साधारण दोन आठवडे द्यावेत.

बुडबुड्यांवर भरवसा नको

एअरलॉकमधील बुडबुडे पाहणे सोपे आणि मनाला दिलासा देणारे असते. पण ते मोजमापाचे साधन नव्हे. झाकण किंचित सैल बसले असेल, रबरी कडी सरकली असेल, तर वायू तेथून निसटतो आणि उत्तम किण्वन चालू असतानाही एकही बुडबुडा दिसत नाही. प्लॅस्टिकच्या पिंपांच्या बाबतीत हे नेहमीच घडते.

याच्या उलटही होते. किण्वन संपल्यावरही द्रावणात बराच वायू विरघळलेला असतो. दुपारी खोली तापली, किंवा पिंप उचलून दुसरीकडे ठेवले, की तो वायू सुटतो आणि बुडबुडे पुन्हा सुरू होतात. हवेचा दाब कमी झाला तरी हाच परिणाम दिसतो. यीस्ट कामाला लागले, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. एअरलॉक हे वायू बाहेर सोडण्याचे दार आहे. आत किती साखर उरली हे ते सांगू शकत नाही.

बुडबुड्यांचा एक उपयोग मात्र नक्की आहे. फेस वर चढून एअरलॉकमध्ये शिरला आणि तो तुंबला, तर आत दाब वाढून झाकण उडू शकते. बुडबुडे एकाएकी थांबले आणि झाकण फुगलेले दिसले, तर नळी लगेच काढून स्वच्छ करावी. जोरदार किण्वनाच्या काळात एअरलॉकऐवजी जाड रबरी नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात सोडण्याची पद्धत अधिक सुरक्षित आहे.

खरा साक्षीदार : हायड्रोमीटर

दूध संकलन केंद्रावर दुधात पाणी आहे का, हे पाहण्यासाठी लॅक्टोमीटर बुडवतात. त्याच तत्त्वावर चालणारी काचेची तरंगती नळी म्हणजे हायड्रोमीटर. द्रावणात साखर जास्त असेल तर नळी वर तरंगते; साखर कमी होऊन अल्कोहोल वाढले की ती खाली जाते. ब्रिटिश बिअर उत्पादकांना या उपकरणाचे महत्त्व जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून पटवून दिले. त्यानंतर चव आणि अनुभव यांच्या जोडीला आकडा आला.

शुद्ध पाण्याचे वाचन १.००० असते. नेहमीच्या बिअरचे वर्ट यीस्ट घालण्यापूर्वी १.०४० ते १.०६० या दरम्यान असते. उदाहरणार्थ, सुरुवातीचे वाचन १.०५० आणि शेवटचे १.०१२ असेल, तर ५० पैकी ३८ अंश उतरले, म्हणजे ७६ टक्के घट झाली. एल प्रकारच्या बहुतेक यीस्टसाठी ७० ते ८० टक्के ही अपेक्षित घट असते आणि ती बहुधा पाकिटावर छापलेली असते. दोन वाचनांतील फरकाला १३१.२५ ने गुणले की अल्कोहोलचे अंदाजे प्रमाण मिळते. वरील उदाहरणात ०.०३८ गुणिले १३१.२५, म्हणजे जवळपास पाच टक्के.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक, सुरुवातीचे वाचन घेऊन लिहून ठेवले नसेल, तर पुढच्या वाचनांचा अर्थ लावणे कठीण जाते. दोन, शेवटचे वाचन १.००० असावे अशी अपेक्षा चुकीची आहे. माल्टमधील काही शर्करा यीस्टला पचत नाहीत. त्यांच्यामुळेच बिअरला अंग येते. माल्टच्या तयार पाकापासून केलेली बिअर पुष्कळदा जरा वरच थांबते. दुधातील शर्करा घातलेल्या 'मिल्क स्टाउट'मध्ये तर शेवटचे वाचन मुद्दामच वर राखलेले असते, कारण लॅक्टोज ही शर्करा बिअरच्या यीस्टला खाता येत नाही.

वाचन घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. नमुना निर्जंतुक केलेल्या साधनानेच काढावा आणि तो पुन्हा पिंपात ओतू नये. नमुन्यातील वायू हलवून घालवावा, कारण नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात आणि वाचन फसवे येते. उपकरण ज्या तापमानाला प्रमाणित केलेले असते, बहुधा २० किंवा १५.६ अंश सेल्सियस, त्या तापमानाच्या जवळपास नमुना असावा. गरम द्रावणात वाचन खऱ्यापेक्षा कमी येते. एका थेंबावर चालणारे रिफ्रॅक्टोमीटर सोयीचे असले, तरी अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचे वाचन दुरुस्ती केल्याशिवाय वापरता येत नाही.

किण्वन संपले, असे केव्हा म्हणावे? दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली वाचने तंतोतंत जुळली आणि ती अपेक्षित आकड्याच्या जवळ असली, तरच. या दोन अटींपैकी एकच पुरी झाली असेल, तर थांबावे.

तापमानाचा खेळ

इडलीचे पीठ मुंबईच्या मे महिन्यात काही तासांत फुगते आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात सकाळपर्यंत तसेच राहते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. बिअरचे यीस्टही तापमानाच्या बाबतीत असेच हळवे आहे. एल प्रकारासाठी साधारण १८ ते २२ अंश सेल्सियस, तर लागर प्रकारासाठी ८ ते १३ अंश ही मानवणारी पातळी होय. शिकागो किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात तळघरात ठेवलेले एलचे पिंप म्हणूनच सुस्त पडते. लागर मात्र थंडीत सावकाश आंबते, तो तिचा धर्मच आहे. तिच्यात फेस कमी आणि बुडबुडे संथ असले, तरी चिंतेचे कारण नसते.

जास्त तापमानाचा धोका वेगळा आहे. किण्वन झपाट्याने होते आणि सर्व काही छान चालले आहे असे वाटते. पण त्या धांदलीत जड अल्कोहोले तयार होतात आणि बिअरला रंगाच्या थिनरसारखा उग्र वास येतो. तो नंतर जात नाही. खोलीचे तापमान २२ अंश असले, तरी जोमाच्या दिवसांत आतील द्रावण त्याहून काही अंश गरम असते, हे लक्षात घेऊन मोजणी पिंपाची करावी, खोलीची नव्हे. वर्ट पुरते निवण्यापूर्वी, ४० अंशांच्या वर असताना यीस्ट घातले असेल, तर ते मेलेले असण्याचीच शक्यता अधिक. किण्वन सुरू न होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

नाक आणि डोळे काय सांगतात?

आंबणाऱ्या बिअरचे अनेक वास पहिल्यांदा घाबरवणारे असतात, पण त्यातले बरेचसे तात्पुरते असतात. लागर आंबताना सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येणे स्वाभाविक आहे. पुढे तो उडून जातो. हिरव्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइड या द्रव्याचा असतो. बिअर अजून कच्ची आहे, असा त्याचा अर्थ. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास त्या जातीच्या यीस्टचाच गुण आहे.

लोण्यासारखा वास डायअसिटिल या द्रव्याचा असतो. किण्वनाच्या अखेरीस यीस्ट ते स्वतःच शोषून घेते, मात्र त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. लागर करणारे शेवटचे दोन-तीन दिवस तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत वाढवतात, ते याचसाठी. शंका असेल तर सोपी चाचणी आहे. दोन झाकलेल्या पेल्यांत नमुना घ्यावा, एक पेला अर्धा तास ६० अंशांच्या गरम पाण्यात ठेवावा, मग थंड करून दोन्ही हुंगावे. गरम केलेल्या नमुन्याला लोण्याचा वास आला, तर बिअरला आणखी काही दिवस हवेत.

खरोखर बिघडल्याच्या खुणा निराळ्या आहेत. व्हिनेगरसारखा झोंबणारा वास आणि वाढत जाणारा आंबटपणा म्हणजे ॲसेटिक जिवाणूंचा शिरकाव. फेस ओसरल्यानंतर पृष्ठभागावर पांढरी, सुरकुतलेली, सायीसारखी पातळ त्वचा धरली, तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू आत आले असे समजावे. बेल्जियममधील काही पारंपरिक आंबट बिअरमध्ये असे जीव हवेच असतात. पण साध्या एलमध्ये ते पाहुणे नको असतात. हिरवी, काळी किंवा गुलाबी केसाळ बुरशी दिसली, तर मात्र चव घेऊन पाहण्याच्या फंदात न पडता सर्व टाकून द्यावे.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. नीट आंबलेल्या बिअरमध्ये आम्लता, अल्कोहोल, हॉप्स आणि वायू यांच्या एकत्रित प्रभावामुळे रोगकारक जिवाणूंना तग धरणे फार कठीण जाते. किण्वन सुरूच न झालेल्या वर्टला यातले बहुतेक संरक्षण नसते. ते गोड, कमी आम्लतेचे पाणी असते आणि जिवाणूंना मानवते. तीन-चार दिवस तसेच पडून राहिलेले वर्ट चाखू नये. ते टाकून नव्याने सुरुवात करणेच शहाणपणाचे.

किण्वन अडले तर

वाचन अपेक्षेपेक्षा बरेच वर, समजा १.०२५ वर, दोन-तीन दिवस जागचे हलले नाही, तर किण्वन अडले असे म्हणतात. अशा वेळी आधी हायड्रोमीटर शुद्ध पाण्यात बुडवून तो १.००० दाखवतो का, हे तपासावे. उपकरणच चुकीचे निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर पिंप दोन-तीन अंश अधिक उबदार जागी हलवावे आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट पुन्हा वर आणावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

त्याने फरक पडला नाही, तर ताजे यीस्ट घालावे. ते आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून, फसफसत असताना घातले तर अधिक लागू पडते. वीस लिटर सामान्य एलसाठी वाळवलेल्या यीस्टचे ११ ग्रॅमचे एक पाकीट पुरेसे धरतात. द्रावण जोराने ढवळून त्यात हवा मिसळण्याचा उपाय मात्र या टप्प्यावर करू नये. ऑक्सिजन यीस्टला सुरुवातीलाच हवा असतो. नंतर मिसळलेली हवा बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव आणते.

किण्वन अडले आहे की पचणारी साखरच संपली आहे, हे ओळखण्याचीही युक्ती आहे. वर्टचा एखादा पेलाभर नमुना पहिल्याच दिवशी बाजूला काढून त्यात भरपूर यीस्ट घालतात आणि तो उबदार जागी, अधूनमधून हलवत ठेवतात. हा नमुना दोन-तीन दिवसांत जितका आंबायचा तितका आंबून घेतो. त्याचे शेवटचे वाचन हीच त्या पिंपाची अखेरची मर्यादा. मोठे कारखाने ही चाचणी नित्य करतात. घरीही तिला वेगळा खर्च येत नाही.

बाटल्या भरण्याची घाई

किण्वन संपल्यावर बिअर बाटल्यांत भरताना लिटरमागे सहा ते सात ग्रॅम साखर घालतात. शिल्लक यीस्ट ती खाते, वायू बाटलीतच अडकतो आणि बिअर फसफसणारी होते. एक लिटर बिअरमध्ये किती लिटर वायू विरघळला, यावरून हे प्रमाण मोजतात. नेहमीच्या बिअरमध्ये ते दोन ते अडीच इतके असते.

आता समजा, बिअर १.०१२ पर्यंत उतरणार होती, पण बुडबुडे थांबलेले पाहून १.०१६ वरच बाटल्या भरल्या. उरलेले चार अंश बाटलीत उतरतील. एका अंशामागे लिटरला सुमारे एक ग्रॅम वायू तयार होतो, म्हणजे विरघळलेल्या वायूचे प्रमाण जवळपास दोनने वाढेल आणि ठरवलेल्या अडीचऐवजी ते साडेचारच्या घरात जाईल. साधी बिअरची बाटली एवढ्या दाबासाठी बनवलेली नसते. हायड्रोमीटरवर नजरेतून सहज सुटावा एवढा हा चार अंशांचा फरक, पण तो बाटलीचा स्फोट घडवू शकतो. उन्हाळ्यात, बंद कपाटात असे स्फोट एकापाठोपाठ एक होतात आणि काचा दूरवर उडतात.

अशी शंका आल्यास बाटल्या हाताळण्यापूर्वी डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात जाड मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा असावा. शक्य असेल तर बाटल्या थंड कराव्यात. थंडीत दाब उतरतो आणि यीस्ट मंदावते. नंतर झाकणे सावकाश सैल करून वायू सोडावा. पातळ काचेच्या, फिरकीच्या झाकणाच्या किंवा तडा गेलेल्या बाटल्या मुळातच वापरू नयेत. अनुभवी मंडळी भरताना एक बाटली प्लॅस्टिकची ठेवतात. ती दाबून पाहिली की इतर बाटल्यांत किती दाब झाला आहे याचा अंदाज येतो.

मिथेनॉलची भीती कितपत खरी?

घरी केलेली दारू म्हटले की महाराष्ट्रात विषारी दारूकांडांची आठवण होते. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला होता. त्या दारूत मिथेनॉल हे औद्योगिक रसायन होते. आंबवण्याची क्रिया आणि अशी भेसळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिथेनॉल प्रामुख्याने फळांतील पेक्टिनपासून तयार होते. जवाच्या माल्टमध्ये पेक्टिन नगण्य असल्याने बिअरमध्ये त्याचा केवळ अंश असतो. बिअर गाळलीही जात नाही, त्यामुळे काही साठून दाट होण्याचा प्रश्न येत नाही. बिअर बिघडली तर ती आंबट, कडवट किंवा दुर्गंधी होईल. हातभट्टीच्या विषाशी तिची तुलना करता येत नाही. अल्कोहोलचे स्वतःचे दुष्परिणाम मात्र घरच्या बिअरलाही तितकेच लागू आहेत.

थोडक्यात

- सुरुवातीचे वाचन घेऊन तारखेसह लिहून ठेवावे.
- पहिले ७२ तास काही दिसले नाही तरी धीर धरावा; मात्र तापमान तपासावे.
- फेस, भिंतीवरचे तपकिरी कडे आणि तळाचा गाळ ही किण्वनाची चिन्हे. बुडबुडे हे केवळ अनुमान.
- गंधक, हिरवे सफरचंद, लोणी हे वास वेळ दिल्यास बहुधा जातात. व्हिनेगर आणि थिनरचा वास जात नाही.
- रंगीत केसाळ बुरशी दिसल्यास आणि किण्वनाविना दिवसेंदिवस पडून राहिलेले वर्ट असल्यास चव न घेता टाकून द्यावे.
- दोन-तीन दिवसांच्या अंतराने वाचन सारखे आणि अपेक्षेजवळ आले, तरच बाटल्या भराव्यात.
- वर्ट थंड झाल्यानंतर त्याला लागणारे प्रत्येक साधन निर्जंतुक असावे. किण्वन बिघडण्याची बहुसंख्य कारणे येथेच सुरू होतात.

पिंपातील बिअर एक आठवडा जास्त राहिली म्हणून सहसा बिघडत नाही. बाटलीत एक आठवडा लवकर गेली, तर मात्र ती धोकादायक ठरू शकते. शंका असेल तेव्हा झाकण उघडून सारखे डोकावण्यापेक्षा दोन दिवस थांबून पुन्हा वाचन घेणे, हाच सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे.